पडण्याचा एकच आवाज

पहाटे ५

शाळेच्या हॉलचं कुलूप काढते तेव्हा वसतिगृहात अजून कुणी उठलेलं नसतं. हा हॉल सकाळी प्रार्थनेला आणि दुपारी जेवणाच्या पंगतीला लागतो, त्यामुळे ज्युदोची गादी रोज घालायची आणि रोज उचलायची. भिंतीशी उभे रचलेले तुकडे एकेक करून आडवे टाकते. प्रत्येक तुकडा एक मीटर रुंद, दोन मीटर लांब, चार सेंटिमीटर जाड. दोन तुकड्यांत बोटभर फट राहिली की पायाचं बोट अडकलंच म्हणून समजा. माझ्याकडे तरी मोठ्या फेकीपेक्षा अशा फटींनीच मुलं जास्त जायबंदी झाली आहेत. म्हणून तुकडे बसवले की अनवाणी पायाने सगळ्या गादीवरून एकदा फिरायचं. कडेच्या तुकड्यांवर चिकटपट्टीखाली काथ्याची दोरी घातलेली आहे. पायाला दोरी लागली की पुढे दोन पावलांवर फरशी आहे, हे मुलांना कळतं.

५.४५

मुलं येतात. पांढऱ्या काठ्या दाराशेजारच्या खुंट्यांना टांगल्या जातात आणि प्रत्येकजण आपापली 'गी' शोधतो. ज्युदोचा हा जाड सुती कोट सगळ्यांचा सारखाच पांढरा, तेव्हा ओळखायचा कसा? कॉलरच्या आतल्या बाजूला जाड दोऱ्याच्या गाठींनी ज्याचं त्याने ब्रेलमधलं आद्याक्षर शिवलेलं असतं. अंगठा फिरवला की कळतं. पट्ट्याची गाठ डोळस मुलंही पुष्कळदा उलटी मारतात. इथे क्वचितच कुणाची चुकते.

ओळीत उभं राहून आकडे म्हणायचे, म्हणजे कोण कुठे आहे हे सगळ्यांना कळतं. मग वाकून नमस्कार आणि धावणं. बीडकडून यंदा आलेली आठवीतली मुलगी आहे. पहिल्या दिवशी तिला 'पळ' म्हटलं तर ती नुसतीच भरभर चालली. पळताना दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरी तिने आयुष्यभर ऐकलेलं वाक्य एकच, "बस गं एका जागी, पडशील." हे वाक्य मायेने बोललेलं असतं, यात शंका नाही. पण या मायेपायी चौदा वर्षांच्या मुलीच्या मांड्यांत जोर नसतो, खांदे पुढे आलेले असतात आणि अनोळखी जागी पाऊल टाकताना अंगाला कापरं भरतं. तिच्या डोळ्यांना जे झालं ते झालं. हे बाकीचं आपण केलेलं आहे.

म्हणून आमच्याकडे पहिला धडा पडण्याचा.

आधी उकिडवं बसायचं, पाठ गोल करून मागे लोळायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात पसरून तळव्यांनी गादीवर थाप मारायची. डोकं टेकता कामा नये. डोळस मुलांना मी सांगते, "पट्ट्याच्या गाठीकडे बघ." म्हणजे हनुवटी आपोआप छातीला लागते. इथे तसं सांगून उपयोग नाही. मग हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल धरायला देते. रुमाल सुटला तर डोकं आपटलं असतं, असं समजायचं. रुमाल धरून लोळता यायला लागलं की उभ्याने पडायचं, मग कुशीवर, मग पुढे कोलांटी घेऊन.

परीक्षा कानाने घ्यायची. चांगल्या पडण्याचा एकच आवाज येतो, मोठा आणि भरीव, कारण हात आणि पाठ एकदम टेकतात. वाईट पडण्याचे दोन आवाज येतात. आधी कोपराचा किंवा ढुंगणाचा 'टक' आणि मागून पाठीचा 'धप'. माझ्याआधी मुलांच्याच लक्षात येतं. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडतं, "दोन आले, परत!" आज बीडच्या मुलीचा उजवीकडचा एकच आला, डावीकडचे अजून दोन येतात. उजवीकडचा आला तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आवाज कुणाचा होता हे विचारावं लागलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

७.३०

आंघोळी, उपीट, दूध. भिजलेल्या गी दोरीवर. पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट गी घालून सराव केला की मानेवर पुरळ उठतं. यावर एकच उपाय, प्रत्येकाला दोन गी. तेवढ्या आमच्याकडे नाहीत.

९ ते १२

हे तीन तास कागदांचे. खेळाडूचं अपंगत्वाचं ओळखपत्र, आधार, वयाचा दाखला, नेत्रतज्ज्ञांचा अहवाल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मान्य केले, हे चांगलंच झालं. पण कायद्यातली टक्केवारी वेगळी आणि खेळातलं वर्गीकरण वेगळं, हे पालकांना समजावताना घसा कोरडा पडतो. कार्डावर शंभर टक्के आहेत म्हणून स्पर्धेत अमुकच गट मिळेल असं नाही. नजरेची तीक्ष्णता किती आणि नजरेचा घेर किती, यावर स्पर्धेचे तज्ज्ञ गट ठरवतात.

दृष्टिहीनांचा ज्युदो १९८८च्या सोल पॅरालिम्पिकपासून खेळला जातो. त्याआधी १९८० आणि १९८४ साली पॅरालिम्पिकमध्ये अंधांसाठी कुस्ती होती, हे आपल्या तालमीतल्या फार कमी लोकांना माहीत असेल. स्त्रियांना ज्युदोत प्रवेश मिळायला २००४ साल उजाडलं. आणि २०२२पर्यंत पूर्ण अंध आणि थोडं दिसणारे एकाच गटात लढायचे. ज्याला समोरच्याची सावली दिसते, खांदा कुठे झुकला हे दिसतं, त्याला मोठा फायदा असायचा. आता पूर्ण अंध आणि जवळजवळ पूर्ण अंध खेळाडूंचा 'जे-वन' आणि अल्पदृष्टी खेळाडूंचा 'जे-टू' असे दोन वेगळे गट आहेत. पॅरिसचं २०२४चं पॅरालिम्पिक या नव्या गटांनुसार झालं. बदल यायला फार वर्षं लागली, पण तो योग्य आहे.

माझ्या टेबलावरची आजची खरी अडचण साधी आहे. स्पर्धा परराज्यात, मुली चार, सोबतीला जाऊ शकेल अशी बाई एकच, ती म्हणजे मी. रात्रीच्या गाडीत चौघींना सांभाळायला दुसरी बाई हवी आणि तिच्या तिकिटाचे पैसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

१२.३०

फोन वाजतो. लातूरजवळच्या एका गावातून एका मुलीची आई बोलते आहे.

"ताई, पोरगी म्हनं काल पडली."

"हो, रोजच पडते. पडायचं कसं तेच शिकवतोय."

"तसं न्हवं. आधीच डोळे न्हाईत. हात-पाय मोडला तर करायचं काय? आम्ही तिला घरात कदी पडू दिलं न्हाई बगा."

मी त्यांना विचारते, गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली होती तेव्हा अंगणातल्या पायरीवरून घसरली होती ना? हो म्हणाल्या. लागलं होतं? थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "न्हाई. टुणकन उटली. आमालाच आक्रित वाटलं."

मी पुढे काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "तिला दूध मिळतं का तिथं?"

२.००

महिन्यातून एकदा दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. ज्युदो सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाचा डोळा तपासायचा, हा माझा नियम आहे आणि त्यात मी कुणालाही सूट देत नाही. सगळं अंधत्व एकसारखं नसतं. नंबर खूप मोठा असला की दृष्टिपटल ताणलेलं असतं. हादऱ्याने ते सुटलं तर उरलेली नजरही जाते. बुबुळ बदललेलं असेल, काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर फेकाफेकी नको. उलट, घेर आकसत जाणाऱ्या आजाराची मुलं पुष्कळदा बिनधास्त खेळू शकतात, आणि त्यांनी लवकर सुरुवात केलेली बरी, कारण नजर आहे तोवर एखादी हालचाल बघून शिकता येते. आज डॉक्टरांनी एका मुलाला नाही म्हटलं. नववीतला आहे, गेले दोन महिने रोज गादी उचलायला मला मदत करतो आहे. त्याला काय द्यायचं हे उद्यापर्यंत मला ठरवायचं आहे. डाव पाठ आहेत, आवाज खणखणीत आहे. लहान गटाला तोच शिकवू शकेल.

३.३०

इंदापूरकडून एक वडील मुलाला घेऊन आलेत. मुलगा बारा वर्षांचा. कडबाकुट्टीत डावा हात गेला, कोपराखाली काही नाही. ऊस आणि जनावरांच्या पट्ट्यात असे हात गावोगाव दिसतात. वडिलांना कुणीतरी सांगितलं की इथे अपंगांना कराटे शिकवतात. मुलगा सदऱ्याची रिकामी बाही मुठीत धरून उभा आहे. वडील म्हणाले, "मारामारी शिकायची म्हणतो. मी म्हटलं, एका हाताने काय मारणार?"

मी म्हटलं, "हाताने कशाला? पाय आहेत की."

पॅरालिम्पिकचं तायक्वांदो नेमकं अशाच खेळाडूंचं आहे, ज्यांच्या एका किंवा दोन्ही हातांत कमतरता आहे. टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ साली, ते पहिल्यांदा खेळलं गेलं. तिथे डोक्यावर लाथ मारायची नाही, कारण चेहरा वाचवायला ज्याच्याकडे हात नाही त्याच्यावर तो अन्याय होईल. गुण फक्त धडावरच्या लाथेला, साध्या लाथेला दोन आणि गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला त्याहून जास्त. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातली अरुणा तंवर जन्मतःच लहान हातांची, वडील ड्रायव्हर. ती टोकियोला गेली आणि पॅरालिम्पिक तायक्वांदोत उतरणारी पहिली भारतीय ठरली. मुलाला मी तिच्या लढतीचा व्हिडिओ फोनवर दाखवला. त्याने तो तीनदा पाहिला. बाही कधी सुटली ते त्याला कळलं नाही.

तायक्वांदो मी शिकवत नाही. त्यांच्या तालुक्याजवळच्या एका प्रशिक्षकाला तिथूनच फोन लावला. आधी ते का-कू करत होते. "आमच्याकडे तशी सोय नाही," म्हणाले. कसली सोय? दोन पाय असलेल्या मुलाला लाथ शिकवायला कुठली वेगळी सोय लागते? हेच विचारलं. सोमवारपासून या म्हणाले.

जाता जाता वडिलांनी विचारलं, पायांनी अधू असलेल्यांसाठी काही आहे का, त्यांच्या भावकीत एक आहे. आहे. व्हीलचेअरवरची तलवारबाजी १९६०च्या रोमच्या स्पर्धेपासून आहे. दोन्ही खुर्च्या लोखंडी चौकटीत घट्ट बसवतात आणि ज्याचा हात आखूड त्याच्या पल्ल्यानुसार अंतर ठरवतात. मागे सरकायला जागाच नसते. जे काय करायचं ते कमरेच्या वर, समोरासमोर. बघणाऱ्याला धडकी भरावी इतका तो वेगवान खेळ आहे.

५.०० ते ७.३०

दिवसाचा गाभा हा.

दृष्टिहीनांच्या ज्युदोत नियमांचा फरक खरं म्हणजे एवढासाच आहे, की झुंज पकडीपासून सुरू होते. डोळस ज्युदोत पहिली झटापट पकड मिळवण्याचीच असते. इथे दोघं मध्यावर येतात, एक हात समोरच्याच्या कॉलरवर आणि एक बाहीवर ठेवतात, आणि मग पंच म्हणतो, 'हाजिमे', म्हणजे सुरू. पकड सुटली की 'माते', थांबा. पुन्हा मध्यावर, पुन्हा पकड. पूर्ण अंध खेळाडूच्या बाहीवर लाल गोल असतो, पंचाला कळावं म्हणून. बाकी सगळं तेच. पाठीवर जोरात आणि ताब्यात ठेवून आपटलं की 'इप्पोन', कुस्ती संपली. खाली दाबून वीस सेकंद धरलं तरी इप्पोन.

म्हणून मी म्हणते की हा खेळ अंधांना 'जुळवून' दिलेला नाही, तो त्यांच्या अंगचाच आहे. पकड लागल्यावर डोळस ज्युदोपटूसुद्धा डोळ्यांनी खेळत नाही. समोरच्याने पाय उचलण्याआधी त्याचं वजन दुसऱ्या पायावर जातं, आणि ते जाताना त्याच्या बाहीचं कापड किंचित ओढलं जातं. ती ओढ बोटांना कळली पाहिजे. माझी दहावीतली एक मुलगी ती इतकी लवकर पकडते की तिच्यासमोर मी स्वतः उभी राहिले तरी बाहेरची टांग लावायच्या आधीच तिने माझा तो पाय झाडलेला असतो.

नवा डाव शिकवायचा तर मुलांनी मला हात लावून बघायचं. आज धोबीपछाड शिकवली, जपानीत जी 'सेओई-नागे'. एका मुलीला पाठीवर घेऊन मी अर्ध्यात थांबले. बाकीच्या एकेक येऊन माझे गुडघे किती वाकलेत, कंबर कुठे आहे, टाचा किती अंतरावर, हे हाताने चाचपून गेल्या. एकीने विचारलं, "ताई, तुमची कंबर तिच्या पट्ट्याच्या खाली आहे. मुद्दाम?" मुद्दामच. डावाचं सगळं मर्म तिथे आहे. आरशासमोर वर्षभर शिकलेल्या मुलांना जे सांगून कळत नाही, ते तिला दोन मिनिटांत कळलं.

हात लावण्याबद्दल आमच्याकडे एक कडक शिस्त आहे. आधी सांगायचं, "खांद्याला हात लावते आहे," मग लावायचा. माझ्यासकट सगळ्यांना. अंध माणसाला रस्त्यावर दिवसभर कुणी ना कुणी न विचारता धरत असतं. पुष्कळजण चांगल्या मनाने, रस्ता ओलांडून द्यायला. काहीजण वाईट हेतूने, आणि त्यांना ठाऊक असतं की ही आपला चेहरा ओळखणार नाही. दोन्ही वेळा मनगटाला बसणारा झटका सुरुवातीला सारखाच असतो. म्हणून मुलींचा शेवटचा अर्धा तास मनगट सोडवण्याचा. अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथून हात बाहेर काढायचा, एक पाऊल मागे, आणि मोठ्याने, "हात सोडा. मदत हवी असेल तर मी सांगेन." हे वाक्य घोकून घेते. पहिल्या आठवड्यात डाव जमतो, वाक्य जमत नाही. आवाज घशातच राहतो. आज मोठ्या मुलींनी बीडच्या मुलीला ते वाक्य भिंतीवर आदळेल इतक्या जोरात म्हणायला लावलं. शेवटी तिने म्हटलं. बाहेरचे वॉचमनकाका धावत आले.

मग झुंजी. चार-चार मिनिटांच्या. आज दहावीतली पूर्ण अंध मुलगी आणि अकरावीतली अल्पदृष्टी मुलगी. स्पर्धेत या समोरासमोर येणार नाहीत, सरावात मुद्दाम लावते. अकरावीतली सारखी जागा बदलत राहिली. दहावीतली हललीच नाही, नुसती ऐकत उभी. दोनदा माते झालं. तिसऱ्यांदा पकड लागताच मोठीने पुढे जोर दिला, आणि तेवढाच जोर घेऊन धाकटी वळली. कंबर पट्ट्याखाली गेली. गादीवर एकच आवाज आला. मोठी आडवी पडल्यापडल्याच म्हणाली, "कसली बसली गं!"

८.३०

जेवणं झाली की मोठी मुलं माझ्या फोनभोवती जमतात. कपिल परमारची लढत त्यांना पाठ आहे. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातला हा मुलगा. शेतात पाण्याच्या पंपाचा शॉक बसला आणि हळूहळू नजर गेली. भावाबरोबर चहाची टपरी चालवायचा. ५ सप्टेंबर २०२४ला पॅरिसमध्ये साठ किलोच्या जे-वन गटात त्याने ब्राझीलच्या खेळाडूला ३३ सेकंदांत आपटलं आणि कांस्यपदक मिळवलं. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. ज्युदोत देशाला पहिलं पदक एका अंध खेळाडूने दिलं, ही गोष्ट या मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

आज एकाने विचारलं, "आपल्याकडचं कोण?" मग मुरलीकांत पेटकरांची गोष्ट निघाली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात बसली. बॉक्सिंग संपलं. उपचारासाठी पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले. मुलं विचारतात, त्यांनी बॉक्सिंगच का नाही केलं? कारण पॅरालिम्पिकमध्ये बॉक्सिंग नव्हतं. अजूनही नाही. मुलांना हे मुळीच पटत नाही, आणि मलाही पटत नाही.

९.३०

गादी उचलली. वहीत नोंदी: एक मुरगळलेला अंगठा, एक सोललेलं कोपर, हजेरी पूर्ण. उद्या नववीतल्या मुलाशी बोलायचं. गाडीच्या दुसऱ्या तिकिटासाठी दोन ठिकाणी पत्रं टाकायची.

हे वाचणाऱ्यांत ज्युदोचे प्रशिक्षक असतील, तालमीचे वस्ताद असतील, त्यांना एक सांगायचं आहे. अंधांच्या प्रत्येक शाळेत ज्युदो सुरू होण्याची वाट बघत बसलो तर ही पिढी हातची जाईल. पण जिल्ह्याजिल्ह्यात तुमचे क्लब आहेत, गाद्या आहेत. अंध मूल दाराशी आलं तर नेत्रतज्ज्ञांचं पत्र जरूर मागा. पत्र आणलं की त्याला वेगळं बसवू नका, डोळस मुलांच्याच ओळीत उभं करा. वेगळी गादी लागत नाही, वेगळा वर्ग लागत नाही. पडायला शिकवा, आणि झुंजीच्या आधी पकड द्या. नियमातला फरक तेवढाच आहे.